दिव्यांगांचे पुनर्वसन : संस्थेच्या दारापासून गावाच्या वेशीपर्यंत



'पुनर्वसन' हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. कोयना धरणाच्या जलाशयाखाली गेलेल्या गावांचे पुनर्वसन झाले. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावांचे पुनर्वसन झाले. ज्याचे घर गेले त्याला दुसरे घर द्यावयाचे, ज्याची जमीन गेली त्याला दुसरीकडे जमीन द्यावयाची, असा त्या शब्दाचा सर्वसाधारण अर्थ आपल्या मनात रुजलेला आहे. अपंगत्व आलेल्या माणसाची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याचे घर तेच असते, गाव तेच असते, माणसेही तीच असतात. कालपर्यंत औत धरणारा, बाजाराला जाणारा, चावडीवर चार शब्द बोलणारा माणूस एके दिवशी ओसरीवरच्या बाजेला खिळतो आणि आपल्याच घरात विस्थापित होतो. जन्मतः अपंगत्व असलेल्या मुलाच्या वाट्याला तर गावात वसण्याचा योगच आलेला नसतो. अशा माणसाला त्याच्याच घरात आणि त्याच्याच गावात वसविणे, हे या क्षेत्रातील पुनर्वसनाचे खरे स्वरूप होय.

हे कार्य करण्यासाठी देशात आणि राज्यात अनेक शासकीय संस्था उभ्या आहेत. त्यांतील काही आठ दशकांच्या, काही अगदी अलीकडच्या आहेत. परंतु २०११ च्या जनगणनेतील आकडे पाहिले, म्हणजे या संस्था आणि त्यांचे लाभार्थी यांच्यातील अंतर ध्यानी येते. त्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे १ कोटी ८६ लाख व्यक्ती ग्रामीण भागात राहणाऱ्या होत्या. महाराष्ट्रातील संख्या २९ लाख ६३ हजारांहून अधिक होती. म्हणजे दर दहा अपंग व्यक्तींपैकी सुमारे सात खेड्यांत आणि मोठ्या संस्था मुंबई, पुणे, कोलकाता, डेहराडून, सिकंदराबाद अशा शहरांत, असे हे चित्र आहे. संस्थेचे दार आणि गावाची वेस यांमधील ही वाट कशी पार पडते, आणि ती पार करविण्याचे काम कोणाकडे येते, हा आजचा विषय आहे.

प्रारंभी एक खुलासा आवश्यक आहे. १९८१ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शासनाच्या कागदपत्रांत 'अपंग' हाच शब्द रूढ होता. आज शासकीय व्यवहारात 'दिव्यांग' हा शब्द वापरला जातो. या भाषणात जुन्या काळाविषयी बोलताना जुना शब्द आणि आजच्या व्यवस्थेविषयी बोलताना आजचा शब्द येईल.

सैनिकांपासून सुरुवात

आपल्याकडे अपंगांच्या पुनर्वसनाची संघटित सुरुवात युद्धात जखमी झालेल्या सैनिकांपासून झाली आणि तिच्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, अपंग सैनिकांना व्यवसायशिक्षण देण्यासाठी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. ही संस्था आज पुण्याजवळ खडकी येथे आहे. दुसऱ्या महायुद्धात हात किंवा पाय गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये पुणे येथे कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. पुढे या केंद्राचा लाभ नागरिकांनाही मिळू लागला. युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९४३ मध्ये डेहराडून येथे वसतिगृह सुरू झाले होते. आज त्याच नगरीत असलेल्या दृष्टिबाधितांच्या राष्ट्रीय संस्थेचे मूळ त्या वसतिगृहात आहे. कण्याला इजा होऊन कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या जवानांसाठी १९७४ मध्ये खडकी येथे स्वतंत्र पुनर्वसन केंद्र उभे राहिले.

सैनिकांच्या बाबतीत हे कार्य पुष्कळ अंशी यशस्वी झाले, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जखमी जवान रणांगणावरून रुग्णालयात गेला, रुग्णालयातून अवयव केंद्रात गेला, तेथून व्यवसायशिक्षणाकडे गेला, आणि त्याच्या निवृत्तिवेतनाचा कागदही त्याच्याबरोबर पुढे सरकत राहिला. एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर त्याला नेण्याची जबाबदारी लष्कराची होती. आता कोठे जावे, हे विचारीत त्याला स्वतः हिंडावे लागले नाही.

सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे श्री. मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण सर्वपरिचित आहे. लष्कराच्या ई. एम. ई. दलातील हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून गंभीर जखमी झाला आणि कमरेखालची शक्ती गमावून बसला. उपचारांचा भाग म्हणून पोहणे सुरू झाले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे भरलेल्या पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर मुक्तशैली जलतरणात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पॅरालिम्पिकमधील ते भारताचे पहिले सुवर्णपदक होय. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री हा किताब देण्यात आला. श्री. पेटकर यांच्या जिद्दीचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे. परंतु त्या जिद्दीला रुग्णालय, व्यायामोपचार, तरणतलाव आणि क्रीडास्पर्धा यांची एकामागून एक साथ मिळाली, हेही विसरून चालणार नाही. जिद्द गावोगावच्या घरांतही आहे. तिला अशी सलग साथ मिळते का, एवढाच प्रश्न आहे.

नागरिकांसाठी उभ्या राहिलेल्या संस्था

स्वातंत्र्यानंतर नागरिकांसाठी संस्थांची उभारणी सुरू झाली. मुंबईत हाजी अली येथे १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्याने अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. शस्त्रक्रिया, व्यायामोपचार, कृत्रिम अवयव, वाचोपचार आणि व्यवसायमार्गदर्शन एकाच छपराखाली आणण्याची कल्पना येथे साकार झाली. त्या काळी पोलिओने पाय लुळे पडलेली मुले हा या क्षेत्रातील सर्वांत मोठा प्रश्न होता. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. लसीकरणाने मिळविलेला हा विजय असला, तरी अगोदर पोलिओ झालेले असंख्य स्त्रीपुरुष आज प्रौढ वयात आपल्यामध्ये आहेत. त्यांना साधनांची गरज आहेच. त्यांच्या जोडीला रस्त्यावरील अपघात, मधुमेहामुळे कापावे लागलेले पाय आणि मेंदूचा पक्षाघात असलेली बालके अशी नवी भर पडली आहे.

मुंबईतच वांद्रे येथे ९ ऑगस्ट १९८३ रोजी श्रवणबाधितांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. १९७१ ते १९७६ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल असलेले अली यावर जंग यांचे नाव तिला देण्यात आले. ऐकण्याची तपासणी, श्रवणयंत्राची निवड, वाचोपचार, पालकांचे मार्गदर्शन आणि या विषयांतील तज्ज्ञांचे शिक्षण ही या संस्थेची प्रमुख कामे होत. अस्थिव्यंगासाठी कोलकाता येथे १९७८ मध्ये आणि बौद्धिक अपंगत्वासाठी सिकंदराबाद येथे १९८४ मध्ये राष्ट्रीय संस्था निघाल्या. बहुविकलांगांसाठी चेन्नईजवळ २००५ मध्ये संस्था सुरू झाली. विदर्भाच्या दृष्टीने नागपूर येथील संयुक्त प्रादेशिक केंद्र जवळचे आहे. डेहराडून येथे १९५१ पासून मध्यवर्ती ब्रेल मुद्रणालय असून भारतीय भाषांतील पुस्तके ठिपक्यांच्या लिपीत छापण्याचे कार्य तेथे चालते.

कृत्रिम अवयव, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, तीनचाकी सायकली यांच्या उत्पादनासाठी १९७२ मध्ये कानपूर येथे 'ॲलिम्को' हा केंद्र शासनाचा उपक्रम स्थापन झाला आणि १९७६ पासून प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले. गरजूंना ही साधने मिळावीत म्हणून १९८१ पासून केंद्र शासनाची 'एडिप' योजना चालू आहे. रोजगाराच्या बाजूने पाहता, व्यवसाय पुनर्वसन केंद्रांपैकी पहिली दोन केंद्रे १९६८ मध्ये मुंबई आणि हैदराबाद येथे निघाली. अर्जदाराला काय करता येत नाही याची यादी न करता त्याला काय करता येते याची कसोटी घ्यावयाची, कार्यशाळेत प्रत्यक्ष काम करवून पाहावयाचे आणि मग मालकाशी बोलावयाचे, अशी या केंद्रांची पद्धत होती. राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र या नावाने त्यांचे कार्य आजही चालते. स्वयंरोजगारासाठी कर्ज देणारे राष्ट्रीय महामंडळ १९९७ मध्ये आणि महाराष्ट्र राज्याचे महामंडळ २००२ मध्ये स्थापन झाले. राज्यात ३ डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभागही करण्यात आला आहे.

पाय बसविणे आणि पायावर उभे करणे

साधन दिले की पुनर्वसन झाले, अशी एक समजूत आढळते. कृत्रिम पायाचे उदाहरण घेतले, तर ही समजूत किती अपुरी आहे हे कळून येईल. पाय कापल्यानंतर जखम भरून येईपर्यंत थांबावे लागते. उरलेल्या भागावर विशिष्ट रीतीने लवचिक पट्टी बांधून सूज उतरवावी लागते आणि त्याला योग्य आकार आणावा लागतो. या काळात रोजचा व्यायाम चुकला आणि रुग्ण गुडघ्याखाली उशी घेऊन पडून राहिला, तर गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडतो. आखडलेल्या गुडघ्यावर कृत्रिम पाय नीट बसत नाही. नंतर प्लास्टरचा साचा घेऊन खोबण तयार होते, पायाची उंची आणि कल जुळविला जातो, आणि समांतर दांड्यांना धरून चालण्याचा सराव करावा लागतो. पुढे शरीराचे वजन कमीअधिक झाले की खोबण सैल किंवा घट्ट होते. मूल वाढीच्या वयात असेल, तर पाय पुनःपुन्हा बदलावा लागतो. 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण आपल्याकडे विनोदाने सांगितली जाते. परंतु आखडू लागलेला गुडघा सहा महिने थांबत नाही.

साधन माणसाच्या राहणीशी जुळणारे असणेही तितकेच महत्त्वाचे असते. पाश्चात्त्य धर्तीचे कृत्रिम पाऊल बूट घालून सपाट जमिनीवर चालण्यासाठी तयार केलेले होते. ज्याला अनवाणी चालावयाचे, चिखलात उतरावयाचे, उकिडवे बसावयाचे आणि मांडी घालून जेवावयाचे, त्या शेतकऱ्याला ते कसे पुरणार? जयपूरच्या सवाई मानसिंग या शासकीय रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास रबराचे 'जयपूर फूट' तयार केले. ते पाण्याने खराब होत नव्हते, बुटाशिवाय वापरता येत होते आणि खडबडीत जमिनीवर वळत होते. एका शल्यविशारदाचे ज्ञान आणि एका कारागिराचे हात एकत्र आल्यामुळे हे घडले. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

श्रवणयंत्राचेही असेच आहे. भाषा ऐकून येते आणि ती येण्याचा मुख्य काळ आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांचा असतो. दोन वर्षांच्या मुलाला यंत्र मिळाले आणि दहा वर्षांच्या मुलाला मिळाले, तर यंत्र एकच असूनही फळ सारखे मिळत नाही. कानात बसणारा साचा मुलाच्या वाढीबरोबर बदलावा लागतो, बॅटरी वेळच्या वेळी घालावी लागते, आणि आईने मुलाशी सतत बोलत राहावे लागते. यंत्र कोनाड्यात पडून राहिले, तर शासनाच्या नोंदवहीत एक लाभार्थी वाढतो, पण घरातील मूल अबोलच राहते.

कायद्याने दिलेला आधार

पूर्वी ही सर्व मदत योजनांच्या रूपाने मिळत असे. पहिल्यांदा १९७७ मध्ये केंद्र शासनाने तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीतील पदांवर अपंगांसाठी ३ टक्के जागा राखून ठेवल्या. १९९२ मध्ये पुनर्वसन क्षेत्रातील शिक्षणाचे आणि व्यावसायिकांच्या नोंदणीचे नियमन करणारा कायदा झाला. ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आलेल्या १९९५ च्या कायद्याने या मदतीला हक्काचे स्वरूप दिले. आज त्याच्या जागी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा असून तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. जुन्या कायद्यात ७ प्रकारांचा समावेश होता, नव्या कायद्यात २१ प्रकार आहेत. शासकीय नोकऱ्यांतील आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्के झाले आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या बालकाला ६ ते १८ वर्षे या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांतील दिव्यांग बालके शोधून काढण्यासाठी दर पाच वर्षांनी पाहणी करावी, असेही या कायद्यात सांगितले आहे.

आणखी एका कायद्याची माहिती खेड्यापाड्यांत फारशी पोहोचलेली नाही. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास कायदा करण्यात आला. अशा मुलाचे आईवडील वय होत जाते तसे एकच प्रश्न मनाशी घोळवीत असतात : आमच्यामागे याचे काय? या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती सज्ञान झालेल्या अशा व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमू शकते. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीत ज्याचे नाव सहज वगळले जाते, अशा भावासाठी ही तरतूद किती मोलाची आहे, हे गावच्या व्यवहाराची माहिती असणाऱ्यांना सांगावयास नको.

दारे अनेक, माणूस एक

एवढ्या संस्था आणि एवढे कायदे असताना माणूस मागे का राहतो? समजा, एखाद्या शेतमजुराचा पाय ट्रॅक्टरच्या अपघातात गुडघ्याखाली कापावा लागला. त्याचे पहिले दार जिल्हा रुग्णालयाचे. जखम भरली की तेथून त्याला घरी जाण्याची परवानगी मिळते. दुसरे दार प्रमाणपत्राचे. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र ऑनलाइन पद्धतीनेच दिले जाते आणि वैश्विक ओळखपत्रही त्याच मार्गाने मिळते. त्यासाठी अर्ज भरून देणारा कोणी लागतो आणि तपासणीच्या दिवशी पुन्हा जिल्ह्याच्या गावी जावे लागते. तिसरे दार कृत्रिम पायाचे, ते पुण्याला किंवा मुंबईला किंवा शिबिराच्या मांडवात. चौथे दार तहसील कचेरीत, १९८० पासून चालू असलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे. पाचवे एस. टी. च्या आगारात, प्रवासभाड्यातील ७५ टक्के सवलतीसाठी. सहावे महामंडळात, कर्जासाठी. सातवे आपल्याच ग्रामपंचायतीचे.

या प्रत्येक दारामागे बसलेला कर्मचारी आपले काम नियमाप्रमाणे करीत असतो. रुग्णालयाने जखम बरी केली, मंडळाने टक्केवारी ठरविली, तहसीलदारांनी अनुदान मंजूर केले. सर्वांचे अहवाल बिनचूक असतात. परंतु एका दारातून बाहेर पडलेल्या माणसाला दुसऱ्या दाराशी नेऊन पोहोचविणे हे कोणाच्याच कर्तव्यसूचीत नसते. पाय नसलेल्या माणसाला सर्वांत अधिक चालावयास लावणारी अशी ही व्यवस्था होऊन बसते. बहुधा तो चौथ्या दाराशी थांबतो. दरमहा थोडी रक्कम हाती येऊ लागली, की आता काम झाले असे घरच्यांना वाटते. अनुदान हा त्याचा हक्क आहे आणि त्याची गरजही आहे. पण अनुदान म्हणजे पुनर्वसन नव्हे. ज्याला चालता आले असते, दुकान चालविता आले असते, बैलजोडी पुन्हा हाकता आली असती, तो त्या रकमेच्या आधाराने बाजेवरच राहतो. सैनिकाच्या बाबतीत जी साखळी एका हाती होती, ती नागरिकाच्या बाबतीत सात हातांत विभागलेली आहे. दुवे सर्व मजबूत आहेत, ते एकमेकांत अडकविलेले नाहीत.

गावाचे काम

हे दुवे अडकविण्यासाठी नवी संस्था काढण्याची आवश्यकता नाही. गावातील शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती आणि पंचायत सदस्य यांच्यापैकी कोणी तरी हे काम आपले मानले, तर ते होण्याजोगे आहे. हजार दीड हजार वस्तीच्या गावात दिव्यांग व्यक्तींची संख्या एका वहीत मावेल एवढीच असते. त्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे चार रकाने पुरेत : प्रमाणपत्र मिळाले काय, साधन मिळाले व ते वापरात आहे काय, शाळा अथवा काम चालू आहे काय, आणि आता पुढे कोठे जावयाचे. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो रिकामा राहिला, तर साखळी तेथेच तुटली असे समजावे.

शिक्षकांकडून होणारे काम तर दुसऱ्या कोणालाही करता येणार नाही. शेजारच्या वहीत पाहून लिहिणारे, हाक मारल्यावर वळून न पाहणारे, सतत एकच कान पुढे करणारे मूल पुष्कळदा 'ढ' म्हणून मागच्या बाकावर जाते. त्याच्या ऐकण्यात दोष असू शकतो. पुस्तक नाकाशी धरणाऱ्या मुलाच्या दृष्टीत दोष असू शकतो. अक्षरे उलटसुलट लिहिणारे, पण तोंडी हिशेब चटकन सांगणारे मूल अध्ययनअक्षम असू शकते आणि २०१६ च्या कायद्यात या प्रकाराचाही समावेश आहे. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीस येतात. अशा मुलांची नावे पथकापुढे आवर्जून ठेवावीत, त्यांना जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठविले गेले की नाही याची महिन्याभराने चौकशी करावी, एवढे शिक्षकांनी केले, तरी अनेक मुलांची शाळेची वाट मोकळी होईल.

पंचायतीच्या हाती निधीही आहे. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींनी आपल्या स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची आहे. ही रक्कम वर्षअखेर सर्वांना सारखी वाटून टाकणे सोपे असते आणि त्याबद्दल तक्रारही होत नाही. परंतु गरजा सारख्या नसतात. एकाला घराच्या उंबरठ्याशी उतरंड हवी असते, दुसऱ्याला न्हाणीघरात धरावयास दांडी हवी असते, तिसऱ्याच्या तीनचाकीचा टायर फुटून ती गोठ्याच्या कडेला गंजत पडलेली असते. नियमांच्या चौकटीत राहूनही गरज पाहून हा खर्च करता येतो. गावातील वेल्डिंगवाल्याला तीनचाकी आणि चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करावयास सांगितले, तर ते काम तालुक्यालाही न जाता होईल. शिवाय ज्या चावडीवर किंवा पंचायतीच्या इमारतीत ग्रामसभा भरते, तिला किती पायऱ्या आहेत हे सदस्यांनी एकदा मोजून पाहावे. ज्याला त्या पायऱ्या चढता येत नाहीत, त्याचे मत त्या सभेत कधीच नोंदले गेलेले नाही.

अधिकाऱ्यांच्या पातळीवरही साधे उपाय आहेत. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला घरी सोडतानाच प्रमाणपत्राचा अर्ज भरून घेता येतो. साधनवाटपाच्या शिबिरात महामंडळाचा आणि एस. टी. चा प्रतिनिधी बसविता येतो. शिबिरानंतर सहा महिन्यांनी दुरुस्तीचे दुसरे शिबिर त्याच ठिकाणी भरविता येते. किती साधने वाटली या आकड्याबरोबर त्यांतील किती वापरात आहेत हा आकडा मागविला, तर अहवालाचे स्वरूपच पालटेल.

महाराष्ट्राची परंपरा या कामी आपल्या पाठीशी आहे. अमरावती जिल्ह्यातील संत गुलाबराव महाराज यांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती. १९१५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले, पण तेवढ्या काळात त्यांनी विपुल ग्रंथरचना केली. इतरांनी वाचून दाखवावे आणि त्यांनी ग्रहण करावे, त्यांनी सांगावे आणि इतरांनी लिहून घ्यावे, अशा रीतीने हे कार्य सिद्धीस गेले. लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटले. त्यांची प्रज्ञा त्यांची स्वतःची होती, पण वाचून दाखविणारा आवाज आणि लिहून घेणारा हात भोवतीच्या माणसांचा होता.

पुण्याच्या केंद्रात पाय बसविला जातो, वांद्र्याच्या संस्थेत कानाला यंत्र लागते, डेहराडूनला पुस्तक छापले जाते. या संस्थांचे काम तेथे संपत असले, तरी माणसाचे वसणे गावातच होते. तो पाय बांधावरून चालू लागला, ते यंत्र लावलेले मूल वर्गात हजेरीला 'हजर' म्हणाले, ते पुस्तक गावच्या शाळेत वाचले गेले, म्हणजे पुनर्वसन झाले असे म्हणता येईल. त्यासाठी गावाच्या वेशीशी कोणी तरी उभे असावयास हवे. शिक्षक, पंचायत सदस्य आणि अधिकारी म्हणून ती जागा आपली आहे, आणि उद्या गावी परतल्यावर त्या वहीचे पहिले पान लिहिण्यास कोणाच्याही आदेशाची वाट पाहावी लागणार नाही.